कोऱ्या पानावरची सही

टाकळवाडीच्या ग्रामपंचायतीची रीतच न्यारी. सभेत आधी चहा यायचा, मग इतिवृत्ताच्या वहीचं कोरं पान फिरायचं. सगळे तळाशी सह्या करून मोकळे; ठराव मागाहून ग्रामसेवक लिहायचे.

नव्या सदस्य सुंद्राबाईंना मात्र त्या फुकटच्या चहाचाच संशय. गेल्या महिन्यात बोलणं झालं हातपंपाचं, आणि आठ दिवसांनी फळ्यावर काय लागलं? सरपंचांच्या मेहुण्याला गायरान दिलं, एकमताने!

आजही पान फिरत आलं. बाईंनी कप दूर सारला, चष्मा लावला, पान उलटसुलट पाहिलं आणि अगदी पहिल्या ओळीवर ठसठशीत सही ठोकली.

सरपंच गणपततात्या खेकसले, "बाई, सही खाली असते! आता वर ठराव कुठं लिहायचे?"

"सही म्हणजे वर लिहिलेलं कबूल, असंच ना तात्या? वर काहीच नाही. तेवढं मला कबूल आहे."

शेजारच्या सदस्यानं हळूच बाईंच्या सहीला खेटून सही केली. वहीच्या पानांना नंबर होते, फाडायचीही सोय नव्हती. ग्रामसेवकांनी नवं पान काढलं आणि विचारलं, "हं, बोला, काय लिहू?"

त्या दिवशी टाकळवाडीत पहिल्यांदाच चहा गार झाला.