झोळीतला बर्फ

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली होती, तेव्हा या गोष्टीला सुरुवात झाली. एका गावात एकदा एक नाटकमंडळी मुक्कामाला होती. दुसऱ्या दिवशी नव्या नाटकाचा पहिला खेळ, आणि तिसऱ्या अंकातला बर्फ काही केल्या खरा वाटत नव्हता.

नाटकात नायिकेचा नवरा पहिल्याच अंकात जातो आणि ती रंगमंचावर बांगड्या फोडते. तिसऱ्या अंकात ती तान्ह्या मुलाला घेऊन बर्फाचा डोंगर ओलांडते. वाटेत थकते, मुलाला खाली निजवते आणि थोपटत बसते. मूल खरेच होते, नायिकेचे काम करणाऱ्या बाईचेच, दहा महिन्यांचे.

बर्फ पाडण्याचे काम पडद्यामागची कामे शिकणाऱ्या एका तरुण शिष्याकडे होते. पतंगाचा पातळ पांढरा कागद त्याने बारीक कापला होता. कापडाच्या लांब झोळीला भोके पाडून ती वर बांबूंना टांगली होती. दोरी हलवली की कागद पडे. तालीम संपली की तोच कागद झाडूने गोळा करून तो पुन्हा झोळीत भरी.

त्या दुपारी त्याने दोरी हलवली आणि तालीम बघायला समोर बसलेल्या बायका हसू लागल्या.

"अगं, अक्षता पडतायत! मंगलाष्टकं कोण म्हणतंय?"

मंडळीचे मालक चिडले. "उद्यापर्यंत बर्फ बर्फासारखा दिसला नाही, तर हा प्रवेशच काढून टाकीन. तुझीही सुट्टी!"

शिष्याने कागद आणखी बारीक केला. पिंजलेला कापूस मिसळला. दिव्याला निळा कागद लावला. तरी बर्फ खोटाच. बाई मुलाला थोपटता थोपटता सारखी वर बघे आणि त्याच्या तोंडावर पदर ओढी.

"बाई, वर बघू नका हो. तिथंच सगळं बिघडतंय."

"परवा माझ्या केसांत टाचणी निघाली, दादा. वर नको बघू तर कुठं बघू?"

"झाडताना येते एखादी. त्याला काय एवढं?"

 बाईने मूल तेवढे छातीशी घट्ट धरले.

शेवटी शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे गेला. चाळीस वर्षे पडद्यामागे काम केलेल्या या गुरूंना सगळे अप्पा म्हणत.

"अप्पा, बर्फ खरा कसा करायचा?"

अप्पा उठले, रंगमंचावर आले. मुलाला जिथे निजवत, बरोबर तिथेच ते उताणे झोपले. चष्मा काढून बाजूला ठेवला, डोळे टक्क उघडे ठेवले आणि म्हणाले, "पाड."

"अप्पा, हे काय? उठा बघू."

"पाड म्हणतो ना! झोळी भरलेली आहे ना?"

शिष्याने दोरी धरली, पण हात हलेना. अप्पांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले त्याला ठाऊक होते.

"थांबा अप्पा," तो म्हणाला, "एकदा पाखडून घेतो."

त्याने झोळी उतरवली, स्वयंपाकघरातून सूप आणले आणि चादर अंथरून कागद पाखडायला बसला. हलका कागद उडून चादरीवर पडला. सुपात उरल्या दोन टाचण्या, एक बारीक खिळा आणि बांगड्यांच्या सात-आठ हिरव्या काचा. 

अप्पा उठून बसले. "कागद तोच होता. माझ्या डोळ्यांवर पाडायला तुझा हात धजला नाही, आणि त्या लेकराच्या डोळ्यांवर तू तो चार दिवस पाडत होतास. तू वाईट नाहीस. माझे डोळे तुला दिसले, त्याचे दिसले नाहीत. आणि बर्फ म्हणशील तर या गावात तो पाहिलाय कुणी? लोक बाईकडे बघतात. ती भिऊन वर बघते, म्हणून वर कुणीतरी झोळी हलवतंय हे लोकांना कळतं. जिच्या अंगावर पडतो तिचा भरवसा बसला, की कागदाचाही बर्फ होतो."

शिष्याने काचा लपवल्या नाहीत. सूप तसेच उचलून बाईपुढे ठेवले, शेजारी पाखडलेल्या कागदाने भरलेली झोळी ठेवली.

"ताई, चुकलं माझं. आता झोळीत तुम्हीच हात घालून बघा."

बाईने कोपरापर्यंत हात घालून सगळा कागद चाचपला. घाई केली नाही. मग म्हणाली, "आधी पहिल्या अंकातल्या काचा वेचायच्या, ओलं फडकं फिरवायचं, आणि मग बर्फ पाडायचा. घरात काही फुटलं की आम्ही असंच वेचतो-पुसतो."

दुसऱ्या दिवशी खेळ झाला. पाखडलेला कागद तरंगत तरंगत उतरला. एक तुकडा मुलाच्या गालावर बसला, मूल हसले. बाई त्याच्याकडे बघत थोपटत राहिली. तिने एकदाही वर पाहिले नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईने तेवढ्या उकाड्यात आपल्या लेकीला पदराखाली घेतले.

प्रवेश राहिला, दोरीही शिष्याच्याच हाती राहिली.

"अप्पा," त्याने विचारले, "वाटला का बर्फासारखा?"

"मला काय ठाऊक? मी कुठं पाहिलाय बर्फ!" अप्पा हसले. "ती वर बघत नव्हती, एवढं पाहिलं."

पाळणाघरात, शाळेच्या गाडीत, दवाखान्यात, जिथे जिथे दुसऱ्याचे लेकरू कुणाच्या तरी हाती असते, तिथल्या माणसांना ही गोष्ट तेवढी सांगा.