अनसूयेची पहिली बाग

सन १९५३ च्या रामनवमीची ही हकीकत. श्री विश्वंभरबुवा महाराज तेव्हा आमच्या सोनखडी गावी, नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या मठात राहत असत. गावात वीज नव्हती, मोटार यायची ती आठवड्याच्या बाजाराला. पण महाराजांच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येत, आणि सोनखडीचं नाव त्यांच्यामुळे चार जिल्ह्यांत झालं होतं.

मठात रोज हार करून आणणारी एक बाई होती, अनसूया. कमी वयात वैधव्य आलं, म्हणून भावाकडे राहायची. आदल्या दत्तजयंतीला तिने महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मनातलं बोलून टाकलं.

"महाराज, मला बागा लावायच्या आहेत. लोकांच्या. आखून, लावून, फुलवून द्यायच्या. हाच धंदा करायचा आहे."

ओवरीतले लोक हसले. बाईमाणूस आणि बागा आखणार! महाराज मात्र हसले नाहीत. मठामागच्या मुरमाड माळाकडे बोट दाखवून म्हणाले, "अनसूये, तुझी पहिली बाग तिथे. रामनवमीला फुलं तिथलीच वाहू."

हे ऐकून रंगराव खोपड्यांचा चेहरा उतरला. रंगराव राजेसाहेबांच्या बागेवर मुकादम होते. संस्थानं गेली तरी त्यांच्या फेट्याचा पीळ गेला नव्हता. मठाची बाग आपल्याकडेच येणार, असं ते गावभर सांगून बसले होते.

अनसूयेच्या भावाने तिला बजावलं, "एवढं एकदा करून बघ. नाही जमलं तर पुन्हा बागेचं नाव काढायचं नाही. घरात भाकऱ्या थापायच्या." आता सगळं त्या एका बागेवर आलं.

पोरीने जिवाचं रान केलं. मुरूम फोडला, नदीकाठची माती पाट्यांनी वाहिली. मोगरा, अनंत, झेंडू, कण्हेर लावली, मधोमध दूर्वांचा चौक केला. मठाच्या दारापासून चौकापर्यंत सरळ वाट आखली. आणि संक्रांत झाल्यावर बघते तर वाटेच्या ऐन मध्यावर तुळशीची रोपं उगवलेली! कुणी पेरली नव्हती, कुणी पाणी घातलं नव्हतं.

आपोआप आलेली तुळस आमच्याकडे कुणी उपटत नाही. अनसूयेने महाराजांना विचारलं, "काय करू?"

"ती बसली आहे ना? मग तू उठून बाजूने जा," महाराज म्हणाले.

तिने वाट वळवली. तुळशींना वळसा घालून नेली. रंगराव कुंपणाशी उभे राहून म्हणाले, "चालता चालता बैल मुतला की अशी ओळ पडते! राजेसाहेबांनी बघितली असती तर हसून हसून मेले असते."

फाल्गुन सरता सरता मठाचा आड आटला. मोगऱ्याच्या कळ्या धरल्या होत्या, त्या माना टाकू लागल्या. नदीत डबकी उरली होती, त्यातून घागरी वाहून अनसूयेच्या खांद्याची सालं निघाली. शेवटी ती महाराजांपुढे रडली. "माझी रोपं तहानेने मरतायत हो!"

"बाग कुणाची?" महाराजांनी विचारलं.

"तुमची."

"मग तहान मला लागली. तू पाट ओढ, आळी कर. पाणी आलं आणि त्याला जायला वाट नसली, तर दोष तुझा."

काय तिची श्रद्धा! भर उन्हात तिने कोरडे पाट ओढले, प्रत्येक झाडाभोवती आळं केलं.

"अनशे," रंगराव ओरडले, "यात आता होड्या सोडणार काय गं?"

रामनवमीला शहरातून मोतीलाल शेठ यायचे होते. त्यांना बंगल्याभोवती बाग करायची होती, आणि मठाची बाग पाहूनच ते माणूस ठरवणार होते. आदल्या दिवशी महाराज गावातल्या राममंदिरात पारायणाला बसले होते, तेव्हा रंगराव कुदळ घेऊन मठात आले. "शेठना ही वाकडी वाट दाखवून गावाची लाज घालवायची का? सरळ करतो."

"रंगरावदादा, तुळशींना हात लावू नका. पाया पडते तुमच्या."

"सर बाजूला!"

त्यांनी कुदळ उगारली. पहिला घाव तुळशीपासून हातभर अलीकडे बसला, आणि जमीनच खचली! मुरमाखाली कुजलेल्या फळ्या होत्या, फळ्यांखाली जुनी बुजलेली विहीर. रंगराव धाडकन आत गेले. खालून पाण्याचा आवाज आला आणि मागोमाग हाक, "बुडालो! महाराज, वाचवा!"

जवळ दुसरं कुणी नव्हतं. वाट दाबायच्या दगडी रुळाला काथ्याचा दोर बांधलेला होता, तो अनसूयेने सोडवून आत टाकला. धिप्पाड माणूस आणि ओढणारी मूठभर बाई. तिने डोळे मिटून महाराजांचं नाव घेतलं आणि ओढलं. तिनेच पुढे सांगितलं, "दोर फुलांच्या हारासारखा हलका लागला." रंगराव चिखलाने माखलेले, फेटा गेलेला, असे काठावर येऊन पडले. त्यांनी अनसूयेचे हात पाहिले. तळव्यावर साधा ओरखडाही नव्हता.

राममंदिरात त्याच वेळी महाराजांनी पोथीचं पान उलटायला हात उचलला, तो पानावर रक्त लागलं. दोन्ही तळव्यांवर दोराचे वळ! लोक घाबरले. महाराज म्हणाले, "काही नाही. माणूस जड होता."

ते मठात आले तेव्हा विहिरीवर गाव लोटलं होतं. मोट लागली होती आणि अनसूयेच्या पाटांतून पाणी खळाळत आळ्याआळ्यांत शिरत होतं. रंगरावांनी महाराजांचे तळवे पाहिले आणि त्यांना हुंदका फुटला. त्यांनी पायांवर लोळण घेतली. महाराजांनी त्यांना उठवलं. "माझं झालं. आता तिच्याकडे वळ." भरल्या गावात रंगराव खोपडे अनसूयेपुढे वाकले. "आई, चुकलो."

दुसऱ्या दिवशी रामाला मोगऱ्याचा हार पडला, त्याच बागेतला.

शेठनी आपल्या बंगल्याची बाग अनसूयेलाच दिली आणि तिचं काम सुरू झालं ते थांबलं नाही. रंगराव अखेरपर्यंत तिच्याबरोबर होते. तिच्या बागांतल्या वाटा तेच करत. भाऊ पुढे पाहुण्यांना "अनसूयेचा भाऊ" अशीच स्वतःची ओळख सांगू लागला. महाराजांनी काही वर्षांनी मठातच देह ठेवला. अनसूया मात्र खूप जगली. ती गेली त्या दिवशी फुलं विकत आणावी लागली नाहीत. तिने लावलेल्या बागांतून सकाळपासून टोपल्या येत राहिल्या. ठेवायला जागा पुरेना, म्हणून गावाने त्या मठापासून वेशीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना मांडल्या.