फादर इजिदोरची डुलकी

“झोपलास? म्हणजे चांगला घोरलास, की नुसती डुलकी?”

“फादर, हसू नका ना.”

“हसत नाही रे. विचारतोय.”

फादर इजिदोरने मान खाली घातली. “घोरलो नाही... निदान मला तरी तसं वाटतं.”

वसईच्या केळीच्या वाड्यांमध्ये म्हाताऱ्या धर्मगुरूंसाठी एक घर आहे. तिथल्या ओसरीवर फादर कैतान झावळीच्या पात्या दुमडून छोटे छोटे क्रूस करत बसले होते. दुसऱ्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. भर दुपारी इजिदोर स्कूटरवरून घामाघूम होऊन आला होता आणि जेवायला बस म्हटलं तर चक्क नाही म्हणाला होता.

हा इजिदोर म्हणजे सेमिनरीत, धर्मगुरूंच्या विद्यालयात, पहिला आलेला गडी. थोर थोर संतांची वचनं त्याला तोंडपाठ. लोकांची पापकबुली धर्मगुरूने कशी ऐकावी, यावर संतांनी काय काय शिकवलंय त्याचा हा एवढा जाडजूड प्रबंध त्याने लिहिला होता. आणि हाच पठ्ठ्या काल कबुलीच्या खुर्चीत बसल्या बसल्या झोपला!

उपवासकाळ असल्यामुळे देवळाच्या दारापर्यंत रांग होती. सकाळपासून पापं ऐकून ऐकून त्याचं डोकं भणभणत होतं. त्यात महाराजांचा कडक उपास, पोटात पाण्याशिवाय काही नाही. जाळीपलीकडे एक माणूस गुडघे टेकून बोलायला लागला. नाव त्याचं आपणही घेऊ नये. आवाज हळू, एकसुरी. इजिदोरला सुरुवातीचं थोडंसं आठवत होतं. पुढे काही नाही.

“आवाज थांबला, त्या शांततेनेच मला जाग आली,” इजिदोर म्हणाला. “त्याचं सांगून झालं होतं. तो वाट बघत होता.”

“मग?”

“मग काय करणार? पापक्षमेची प्रार्थना म्हटली. तो रडायलाच लागला. म्हणाला, फादर, आजवर मला मध्ये न टोकता कोणी ऐकून घेतलं नव्हतं...”

फादर कैतानांच्या ओठांचे कोपरे थरथरले. मोठ्या कष्टाने त्यांनी चेहरा सरळ ठेवला.

“आता मी सरळ त्याच्याकडे जाणार, फादर. सांगणार, की मी झोपलो होतो, तुमची कबुली झालीच नाही. पुन्हा करा. कारण सोमवारी त्याचं ऑपरे—”

“थांब!”

झावळीची पात खाली पडली.

“नाव नको, गाव नको, आजार नको. कबुलीतलं अवाक्षरही बाहेर काढू नकोस.”

इजिदोरने जीभ चावली. पण त्याच्या जिवाला तेच तर खात होतं. तो माणूस ऑपरेशनच्या टेबलावरून उठलाच नाही, तर? सगळी पापं उराशी घेऊन देवापुढे उभा राहील बिचारा, आणि ते कोणामुळे?

“काल तो घरी कसा गेला?” फादर कैतानांनी विचारलं.

“गुणगुणत. मी खिडकीतून पाहिलं.”

“आणि तू?”

“माझा रात्रभर डोळ्याला डोळा नाही.”

“हं... म्हणजे तुझी झोप परत यावी म्हणून त्याची घालवायला निघालास.”

कुठेतरी विहिरीवरचा पंप सुरू झाला आणि बंद पडला.

“पण फादर, खरं ते खरंच ना! संत सांगतात, कबुली ऐकणारा हा वैद्य असतो. जखम न बघता मलम लावणारा कसला वैद्य?”

“सांगतात खरं. आणि खरा वैद्य देवच, आपण नव्हे, तेही सांगतात. ते पान वाचलंस ना?”

“मग निदान माझी तरी कबुली घ्या,” इजिदोर म्हणाला. तिथेच ओसरीच्या फरशीवर त्याने गुडघे टेकले.

फादर कैतानांनी खिशातून कबुली ऐकताना गळ्यात घालायची जांभळी पट्टी, स्टोल, काढली, ओठांना लावली, गळ्यात घातली. मग कानातलं ऐकायचं मशीन काढलं, बंद केलं आणि शर्टाच्या खिशात टाकलं.

त्या मशीनशिवाय म्हाताऱ्याला शेजारी फटाका फुटला तरी कळत नसे.

“फादर! अहो, मशीन!”

“आँ?”

इजिदोरने कानाकडे बोट केलं. तुम्हाला ऐकू कसं येणार, असे हातवारे केले.

“मला सांगायला बसलायस काय?” फादर कैतान बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले.

इजिदोरने हात जोडले. मग त्याने सुरुवात केली. आधी अगदी पुस्तकात असते तशी, मुद्देसूद. पण समोर कौतुक करायला कोणी नाही म्हटल्यावर ती मुद्देसूद भाषा टिकेना. त्या माणसाची काळजी आहेच, असं तो म्हणाला. पण त्याहून जास्त लाज वाटते, ती मी, इजिदोर, चुकलो याची. माझ्याकडून असं होऊच कसं शकतं? हे बोलला आणि लहान पोरासारखा रडला.

फादर कैतान त्याच्याकडे बघत राहिले. हुंदके थांबल्यावर त्यांनी हात उचलला, त्याच्या डोक्यावर धरला आणि पापक्षमेची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत सावकाश म्हटली.

इजिदोरने डोळे पुसले. छातीवरचा धोंडा कोणीतरी उचलून बाजूला ठेवला होता. त्याला एकदम हसूच आलं. आणि मग, काय सांगावं, पोटात कावळे ओरडायला लागले.

फादर कैतानांनी मशीन कानात घातलं. “बोंबलाचं कालवण उरलंय. भात गरम करायला सांगतो.”

“आणि प्रायश्चित्त?”

“आधी जेव.”

इजिदोर दोन वेळा मागून मागून जेवला. हात धुऊन ओसरीवर आला, स्कूटरची किल्ली काढली आणि तिथेच घुटमळला.

“फादर... मग त्याच्याकडे जाऊ नको ना?”

“जा की. आजच जा.”

“आणि बोलू काय?”

फादर कैतानांनी नवी पात उचलली, दुमडली.

“काही नको. त्याला बोलू दे. आणि चहा विचारला, तर कडक सांग.”