कोऱ्या गळ्याची बरणी

एका गावात एक वैद्यबुवा होते. हाताला गुण होता, पण स्वतःच्या स्मरणशक्तीचा तोरा त्याहून मोठा.

त्याच गावातली कुंभारीण सगळ्या बरण्या एकाच मापाच्या घडवायची. गळ्याशी बोटभर जागा कोरी सोडायची. गिऱ्हाईक आलं की विचारायची, "यात काय ठेवणार?" सांगितलं की त्या जागी तशी खूण कोरून मग बरणी भाजायची. गावाची रीत अशी, की भरणाऱ्याने आधी खूण मोठ्याने वाचायची. मिठाच्या बरणीत कुणी साखर ओतू लागला, तर तिथेच हात थांबायचा.

वैद्यबुवा म्हणाले, "मला कोऱ्याच भाजून दे. आज सुंठ ठेवीन, उद्या हिरडा. खुणेत कशाला अडकू?"

"बुवा, घडण सगळ्यांची एकच, ती माझ्या सोयीसाठी. आत काय जाणार ते घेतानाच ठरवावं."

"अगं, सगळं ध्यानात असतं माझ्या."

मग काय, ज्याची बरणी त्याची मर्जी. तिने तीन कोऱ्या बरण्या दिल्या.

एके दुपारी बुवांनी सांधेदुखीच्या लेपासाठी बचनाग कुटला. जहरच ते. सुंठेची बरणी रिकामी होती, तीत ओतला आणि विसरले. गळ्यावर वाचायला होतं काय?

आठवड्याने त्यांच्या लेकीचं पोट दुखू लागलं. बुवांचा हात सवयीने त्याच बरणीत गेला. चिमूटभर पूड त्यांनी तिच्या जिभेवर ठेवली.

"बाबा, जीभ बधिर झाली."

बुवांना बचनाग आठवला. त्यांनी तिला थुंकायला लावलं, चुळा भरायला लावल्या आणि संध्याकाळपर्यंत तिची नाडी धरून बसले. नशीब बलवत्तर, पोर वाचली.

दुसऱ्या दिवशी ते कोऱ्या बरण्या घेऊन कुंभारणीकडे गेले. "यांच्यावर खुणा कोर."

"भाजलेल्या मातीवर आता खूण उठत नाही, बुवा. नव्या घ्या. यात काय ठेवणार?"

बुवांनी एकेक करून सांगितलं, "सुंठ, हिरडा, बचनाग."

नव्या बरण्या आल्या. पण लेक त्यानंतर बापाच्या हातचं औषध घेताना आधी बरणी मागायची, खूण वाचायची, मगच तोंड उघडायची. वैद्यबुवा मान खाली घालून बरणी पुढे करत.

तात्पर्य: साचा सगळ्यांसाठी एक असावा, पण त्यात काय जाणार हे घेतानाच ठरवावं. प्रोग्राम लिहिणारे जिला टाइप पॅरामीटर म्हणतात, म्हणजे साच्यात कोणत्या प्रकारची माहिती जाणार ते भरायची जागा, ती हीच गळ्याशी सोडलेली जागा. ती भरली तर चूक ओततानाच अडते, कोरी ठेवली तर घास तोंडात गेल्यावर कळते.