पोत्यातून आलेली खाण

"ज्याला शंका असेल त्यानं उद्या दुपारपर्यंत ती खाण डोळ्यांनी बघून यावी. नाहीतर तोंड मिटून बसावं!" राजे उदाजीरावांनी भर दरबारात बजावलं.

खाण होती आफ्रिकेत, मालुंडा नावाच्या देशात. गलबतानं नुसतं जायलाच दीड महिना.

विसाजी दलाल मिशीतल्या मिशीत हसला. मालुंडाच्या राणीनं सोन्याचा अख्खा डोंगर आपल्याला लिहून दिलाय, असं तो सांगत होता. पुरावा म्हणून त्यानं खाणीतल्या मातीचं एक पोतं आणलं होतं. ती माती उन्हात चमचमायची. राजे तिच्यावर इतके भाळले, की नव्या तलावासाठी राखलेले लाख होन त्यांनी खाणीत घालायचं ठरवलं. उद्याच्या भरतीला विसाजीचं गलबत ते घेऊन सुटणार होतं.

मागच्या रांगेतून गोजरा उठली. गोजरा झारेकरीण. सोनारआळीतला केर धुवायचा आणि त्यातले सोन्याचे कण काढायचे, हा तिचा पिढीजात धंदा. तिची वस्ती कोसभरावरून पाणी आणायची. तलाव होणार, होणार, हे ती चार वर्षं ऐकत होती.

"मी जाऊन येते, महाराज."

"उद्या दुपारपर्यंत?"

"उद्या कशाला? जेवणाआधी येते."

दरबारात खसखस पिकली. राजांच्या कपाळाला आठी पडली. "खाण न बघता आलीस, तर राज्याबाहेर घालवीन."

"चालेल. मला एक परात आणि चार घागरी पाणी द्या. मी कशाला जाऊ? खाणच पोत्यात बसून इथं आलीय."

पाणी येईपर्यंत ती विसाजीकडे वळली. "शेट, वाटेत या मातीला कुणाचा हात तर लागला नाही?"

"हात? खाणीतून थेट पोत्यात! तोंड मी शिवलं, मोहर मी लावली, दीड महिना उशाला घेऊन मी झोपलो."

"एखाद्या सोनारानं पारखायला घेतली असेल."

"सोनाराची सावलीसुद्धा पडली नाही."

"बरं झालं," म्हणत गोजरा खाली बसली. तिनं परातीत माती घेतली, पाणी ओतलं आणि परात गोल गोल फिरवत माती हळूहळू सांडून दिली. तळाशी पिवळी रेघ उरली. राजे सिंहासनावरून वाकले.

"सोनंच आहे की!"

"खरं सोनं आहे, महाराज," गोजरा म्हणाली. "पण कण बघा. जमिनीतलं सोनं कसं, ओबडधोबड नाहीतर गुळगुळीत. हे कुरळं आहे. दागिना कानशीनं घासला, की कीस असा कुरळा पडतो. आणि मातीबरोबर वाहून निघालेला हा लाल तुकडा दिव्यावर धरा."

तुकडा वितळला. वास साऱ्यांच्या ओळखीचा होता.

"लाख," गोजरा म्हणाली. "पोकळ पाटल्यांत भरतात ती. शेट, मालुंडाचा डोंगर पाटल्या घालतो का?"

विसाजी चाचरला. "वाटेत कुणीतरी मिसळलं असेल..."

"पोतं उशाला होतं ना?"

विसाजीचं उरलंसुरलं अवसान गळालं. सोनारआळीत कीस विकत घेतला, खाडीच्या वाळूत कालवला, हे त्यानं कबूल केलं. मालुंडाची राणी त्यानं स्वप्नातही पाहिली नव्हती.

"म्हणजे त्या देशात सोनं नाहीच?" राजांनी विचारलं.

"असेल, महाराज, ढीगभर असेल. पण त्या देशानं आपल्याला काही सांगितलंच नाही. सांगितलं ते शेटांनी. राणीकडे आपला माणूस धाडा, आणि डोंगर कुणाचा ते तिलाच विचारा."

राजे ओशाळले, पण हट्ट सोडेनात. "ते ठीक. पण अट खाण बघण्याची होती. तू ती पाहिलीस कुठं?"

"पाहिली की! शेटांची खाण समुद्रापलीकडे नव्हतीच, महाराज. ती आपल्या खजिन्यात होती. उद्याच्या भरतीला ते खणायला सुरुवात करणार होते."

मग राजे जे हसत सुटले, ते पगडी मांडीवर पडली तरी थांबेनात. त्यांनी गोजराला परातभर होन आणि राज्याच्या पारखीची मानाची वस्त्रं दिली. लाख होन तलावाकडे वळले.

"आणि या विसाजीला," डोळे पुसत राजे म्हणाले, "खणायची फार हौस दिसते. तलावावर पहिली कुदळ यालाच द्या!"