उतारावर बांधलेला पुरावा

वायुराज मोटार घेणारा माणूस आधी घराजवळ उतार शोधायचा, अशी त्या गाडीची ख्याती. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा, पुढे देवाची मर्जी! होता होता गिऱ्हाईक आटलं आणि कारखान्याला टाळं लागायची वेळ आली.

मालक आबासाहेब मिरजगावकरांनी कामगारांना आवारात बोलावून कामावरून कमी केल्याची पत्रं वाटली. त्यात लिहिलं होतं, 'कामगारांच्या हलगर्जीपणामुळे गाडी बदनाम झाली.'

गजाबा हिंगमिरे फिटरनं ते वाक्य पुन्हा वाचलं. असलं पत्र बघून दुसरा कोण कामावर ठेवणार?

"साहेब, एवढं वाक्य काढा."

"का म्हणून? गाडी तुमच्याच हातांनी बिघडली. तसं नसेल तर पुरावा दे!"

"पुराव्यावरच उभे आहात, साहेब. तुमची गाडी लावायची ही जागा तुमच्या वडिलांनी, थोरल्या साहेबांनी, मुद्दाम उतारावर बांधली. कोनशिलेवर साल बघा. आमची भरती त्यानंतर दोन वर्षांनी झाली. आम्ही पहिला नट आवळायच्या आधीच तुम्हाला ठाऊक होतं, ही ढकलावी लागणार!"

आबासाहेबांनी कोनशिलेवरचं साल बघून वाक्य खोडायला सांगितलं आणि ते आपल्या वायुराजमध्ये बसले. गाडी घरंगळत फाटकापर्यंत गेली आणि तिथंच बसली.

"अरे, धक्का मारा!"

सवयीनं चौघे वळलेसुद्धा. गजाबानं हातातलं पत्र वर करून दाखवलं. मग सगळेजण गाडीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर पडले.