घंटा वाजली, वऱ्हाड राहिलं

खूप जुन्या काळची गोष्ट आहे. तेव्हा बैल बोलत असत आणि माणसं ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असत.

एका नदीकाठी रायाजी नावाचा नावाडी राहत होता. नदीच्या अलीकडे त्याचं गाव, पलीकडे बाजाराचं गाव. वल्ही मारून मारून त्याचे खांदे भरून येत. एके वर्षी त्यानं युक्ती केली. नदीवर आरपार दोर ताणला, तो नावेला बांधला आणि आपल्या काठावर एक मोठा रहाट बसवला. रहाटाला हौश्या बैल जुंपला. हौश्या एका अंगानं फिरला की नाव पलीकडे जाई, उलटा फिरला की परत येई. नावेत एक गडी बसवला की झालं. बघायला सारं गाव लोटलं, आणि रायाजीची छाती फुगली.

आता एवढा चांगला रहाट, तर तो किती चांगला हे कळायला नको? रायाजीनं दोन्ही काठांवर एकेक घंटा टांगली. नाव काठाला लागली की घंटा वाजे. घंटा वाजली की रायाजी बाजेवर बसल्या बसल्या मडक्यात एक चिंचोका टाकी. संध्याकाळी मडकं उचलून बघे. जड लागलं तर धंदा उत्तम, हलकं लागलं तर वाईट. त्या दिवशी भाकरीसुद्धा त्याला गोड लागत नसे.

एकदा मडकं फारच हलकं लागलं. रायाजीनं गड्याला विचारलं. गडी म्हणाला, कुंभारीण आली होती, तिची मडकी एकेक करून चढवावी लागली, त्यात वेळ गेला.

रायाजीला ते मुळीच रुचलं नाही. त्यानं हुकूम सोडला, की यापुढे नावेनं काठाला लागायचं आणि लगेच सुटायचं. चढेल तो चढेल. गड्यानं मान डोलावली. धन्याची नाव, धन्याचा दोर, त्याचं काय जात होतं?

दुसऱ्या दिवशी मडकं काठोकाठ भरलं. टणाटणा उड्या मारणारी पोरंटोरं तेवढी नावेत चढली. कुंभारीण काठावर राहिली. कडेवर लेकरू घेतलेल्या बाया राहिल्या, काठी टेकत आलेले म्हातारे राहिले. दोन-चार दिवस त्यांनी वाट पाहिली आणि मग लांबच्या उतारावरून, गुडघाभर पाण्यातून जायला लागले. नाव रिकामी, म्हणून हलकी. हलकी, म्हणून चपळ. रायाजीनं दुसरं मडकं आणलं.

त्याची बायको सगुणा एकदा म्हणाली, "अहो, आज नावेत होतं तरी कोण?" रायाजी म्हणाला, मडकं उतू जातंय आणि तुला माणसांची पडलीय. दुसऱ्या दिवशी सगुणाही उताराच्या वाटेनं बाजाराला गेली.

हौश्यानंही एकदा विषय काढला. "मालक, नाव अलीकडे फार हलकी लागते."

"रहाटाला तेल घातलंय मी," रायाजी म्हणाला.

"तेलानं नव्हे. आत कुणी नसतं म्हणून. पण माझी तक्रार नाही हं, असंच चालू द्या."

रायाजीनं त्याची पाठ थोपटली आणि त्यातलं तेलाचं तेवढं लक्षात ठेवलं.

अशात त्याच्या एकुलत्या एका लेकीचं, मैनेचं लग्न ठरलं. मुलगा पलीकडच्या गावचा. मुहूर्त गोरजाचा, आणि त्या वर्षातला शेवटचा. तो टळला तर वर्षभर थांबायचं, आणि मानाला जपणारे व्याही वर्षभर थांबतील याचा भरवसा कुणी द्यावा? रायाजीनं मात्र व्याह्यांना मोठ्या दिमाखात निरोप धाडला, की उतारावरून येऊ नका, माझा रहाट अख्खं वऱ्हाड चुटकीसरशी आणील.

लग्नाच्या दिवशी रायाजी फेटा बांधून मांडवात उभा होता. नदीवरून घंटेचा आवाज येत होता. एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. इतक्या घंटा आजवर कधी वाजल्या नव्हत्या. जो भेटेल त्याला तो म्हणे, ऐका, आमचं वऱ्हाड येतंय.

ऊन कलायला लागलं. आचाऱ्यानं भात झाकून ठेवला. मांडवात व्याही नाहीत, विहीण नाही, नवरदेव नाही. शेवटी वऱ्हाडातला एक जण आला. तो गळ्यात संबळ अडकवलेला वाजंत्री होता, आणि एकटाच होता.

बाकीचे कुठे आहेत, असं सगळ्यांनी त्याला घेरून विचारलं. तो म्हणाला, काठावर. त्यांच्यात पहिलं पाऊल नवरदेवाच्या मामानं टाकायचं असतं. मामा म्हणाले, आधी आजोबा. आजोबा म्हणाले, आधी थोरले जावई. जावई रुसायच्या बेतात होते, त्यांची समजूत घालेपर्यंत घंटा वाजून नाव निघून गेली. दुसऱ्या खेपेला तेच, तिसऱ्या खेपेला तेच. "मला कुणी मान देत नाही," वाजंत्री म्हणाला, "म्हणून मी पोचलो."

"पण नाव तर सारखी चालू आहे," रायाजी म्हणाला.

"चालू आहे ना. म्हणूनच तर ते तिकडे आहेत."

आतल्या दाराशी मैना उभी होती. मुंडावळ्या बांधलेल्या, डोळे भरलेले. "बाबा," ती म्हणाली, "मी कुणासाठी नटून बसलेय?"

रायाजी फेट्यासकट नदीकडे धावत सुटला. नाव गाठून पलीकडे गेला, गुडघाभर पाण्यात उतरला आणि व्याह्यांना हात जोडून म्हणाला, "चुकलो मी. आता तुम्ही सगळे चढल्याशिवाय दोर हलणार नाही."

व्याह्यांनी त्याच्या ओल्या धोतराकडे पाहिलं आणि त्यांना हसू फुटलं. "आम्हाला वाटलं, रिकामी नाव पाठवून आमंत्रण द्यायची तुमच्याकडे रीतच असेल."

मग मामांना मानाचा नारळ मिळाला, आजोबांना हात मिळाला, जावयांना मधली जागा मिळाली. नवरदेवाच्या आजीचे गुडघे धरले होते, तिला रायाजीनं स्वतः उचलून नावेत बसवलं. एकेक खेप सावकाश होऊ लागली, आणि सूर्य काही सावकाश जाईना.

तेव्हा रहाट ओढता ओढता हौश्यानं काठावर चरणाऱ्या गाईंना हाक दिली, "बायांनो, जरा दमानं या. मैनेचं लग्न खोळंबलंय."

गाईंनी मान खाली घातली आणि आणखी चार घास खाल्ले. मांडवात कुणीतरी भटजींना म्हणालं, मुहूर्त टळतोय. भटजींनी वाटेकडे पाहिलं. "गाई परतल्याशिवाय गोरज कसला?" ते म्हणाले आणि त्यांनी अंतरपाट हातात घेतला.

आजी मांडवात टेकली, आणि तेवढ्यात गाई वेशीत शिरल्या. त्यांच्या खुरांची धूळ आणि अक्षता मैनेवर एकदमच पडल्या. संबळ असा वाजला की पलीकडच्या काठानंही ऐकावा. रायाजी रडत होता आणि हसतही होता, आणि दोन्हींची त्याला लाज वाटत नव्हती.

त्या दिवसापासून रायाजी घंटा ऐकत बसला नाही. दिवस मावळताना तो दोन्ही काठांवर जाई आणि हाक मारून विचारी, "कुणी राहिलंय का?" कुणी राहिलं नाही, असं उत्तर आलं की दिवस चांगला गेला. कुंभारीण परतली, म्हातारे परतले, सगुणाही नावेत बसू लागली. नाव जड झाली. हौश्या थोडा कुरकुरला, पण त्याच्या पेंडीत वाढ झाल्यावर तोही गप्प बसला.

तात्पर्य: यंत्र किती पळालं यावरून धंदा मोजू नये, त्यानं किती माणसांचं काम झालं यावरून मोजावा.